बाद झालेल्याचे काय करायचे

कबड्डीच्या स्पर्धेत बाद होणे दोन पातळ्यांवर चालते. मैदानात खेळाडू बाद होतो, आणि सामना हरला की अख्खा संघ स्पर्धेतून बाद होतो. खेळाडूला परत येण्याची वाट असते, संघाला बहुधा नसते. दोन्ही ठिकाणी काय व्हावे हे महासंघाच्या नियमपुस्तकात छापलेले आहे. तरीही हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावांत, औंढा-वसमतच्या पट्ट्यात, शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला किंवा जत्रेच्या निमित्ताने मंडळे स्पर्धा भरवतात तेव्हा त्या पुस्तकातली बरीच कलमे बाजूला पडतात. कुठे बोनस चालत नाही, कुठे तिसऱ्या चढाईची सक्ती नसते, कुठे बरोबरी झाली की थेट नाणे उडवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा मनमानीचा कारभार वाटतो. जवळून पाहिले तर बहुतेक बदलांमागे तीन-चार साधी कारणे दिसतात: वेळ, उजेड, पंचांची संख्या आणि मैदानाची माती.

या फरकांची झळ सगळ्यांत आधी पंचाला लागते. असा पंच बहुतेक वेळा शाळेतला क्रीडाशिक्षक असतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत तो पुस्तकाबरहुकूम शिट्टी वाजवतो. तेथे नियम ठरलेले असतात, हरकत आली तर कलम दाखवता येते. तोच माणूस रविवारी मंडळाच्या मैदानावर उभा राहिला की त्याला आधी विचारावे लागते, ‘इथे काय काय चालतं?’ हा प्रश्न ज्याने पहिल्या सामन्याआधी विचारला नाही, त्याला तो उपांत्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला दोनशे माणसांच्या घोळक्यात विचारावा लागतो.

बाद झालेल्या गड्याचे काय करायचे, हा वाद आजच्या मंडळांनी काढलेला नाही. महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू म्हणून खेळला जाई तेव्हा त्याचे निदान तीन प्रकार होते आणि त्यांतला मुख्य फरक याच प्रश्नाच्या उत्तरात होता. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी उठायचा. गामिनीत उठणे नव्हते. बाद झालेला गडी आपल्या बाजूचे सगळे बाद होईपर्यंत बाहेर बसायचा. अख्खी बाजू संपली की समोरच्यांचा एक गुण लागायचा आणि असे पाच किंवा सात गुण होईपर्यंत खेळ चालायचा. त्याला घड्याळ नव्हते. अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदान सोडत नसे. समोरच्यांच्या नावे गुण मांडला जाई आणि खेळ पुढे चाले.

तिन्ही प्रकारांना आपापली सोय होती. रान मोकळे आहे, माणसे रिकामी आहेत, अंधार पडेपर्यंत वेळ आहे, अशा ठिकाणी गामिनी रंगते. मात्र पहिल्याच चढाईत बाद झालेल्या पोराला अर्धा-पाऊण तास बांधावर बसावे लागते. अमरमध्ये कोणी बसत नाही, पण बाद होण्याची भीतीही राहत नाही, आणि भीती गेली की पकडीतली सावधगिरी जाते. संजीवनी या दोन्हींच्या मधली. शिक्षा आहे, पण ती साथीदाराच्या कर्तबगारीने संपते. महाराष्ट्रात १९२१ मध्ये स्पर्धांसाठी नियमांचा पहिला सुसंगत साचा तयार झाला तो संजीवनी आणि गामिनी यांचा मेळ घालून. १९२३ मध्ये समिती नेमून त्यात दुरुस्त्या झाल्या आणि त्याच वर्षीच्या अखिल भारतीय स्पर्धेत ते नियम लावले गेले. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९७२ मध्ये हौशी कबड्डी महासंघ आला, १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. या वाटचालीत संजीवनी टिकली. गामिनीतला ‘सगळे बाद’ हा प्रसंग लोण म्हणून तिच्यात शिल्लक राहिला. अमर मात्र पुस्तकातून गेल्यासारखी वाटते. ती कुठे उरली आहे हे पुढे येईल.

आजच्या नियमाचा गाभा थोडक्यात असा. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. महिलांचे १२ बाय ८. प्रत्येक बाजूला सात खेळाडू. चढाई ३० सेकंदांची. पुरुषांचे २०-२० मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. महिलांचे डाव १५-१५ मिनिटांचे. समोरचा एक बाद केला की एक गुण मिळतो आणि आपला एक उठतो. उठण्याचा क्रम बाद होण्याचा क्रम: जो आधी बाहेर गेला तो आधी आत येतो. बोनसच्या गुणाने कोणी उठत नाही. सगळे सात बाद झाले की समोरच्यांना लोणाचे दोन जादा गुण मिळतात आणि बाद झालेला संघ १० सेकंदांच्या आत पुन्हा पुरा मैदानात उतरतो. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक जादा गुण, तिला वर्तमानपत्रे अव्वल पकड म्हणतात. खेळ चालवायला एक मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक, असे सहा जण लागतात.

सहा जण मंडळाच्या स्पर्धेत क्वचितच मिळतात. दोन पंच आणि टेबलाशी एक गुणलेखक ही नेहमीची व्यवस्था. टेबलाशेजारी माइक घेतलेला समालोचक असतो आणि अनेकदा गुणलेखकापेक्षा त्याच्याच आकड्यांवर प्रेक्षकांचा भरवसा असतो. सहायक गुणलेखकाचे मुख्य काम म्हणजे बाद झालेल्यांची क्रमवारी ठेवणे. हा माणूस नसला की पहिली अडचण तेथेच येते.

ती कशी येते हे एका चढाईत दिसते. चढाईपटू उजव्या मध्यरक्षकाला हात लावतो, निसटताना डाव्या कोपऱ्याने धरलेला पाय ओढत मध्यरेषेला बोटे टेकवतो. दोन बाद. जाणता पंच इथे नुसती दोन बोटे दाखवून थांबत नाही. स्पर्श ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने पाठीवरचे नंबर मोठ्याने पुकारतो: ‘चार, सात.’ गुणलेखक कागदाच्या कडेला तेच लिहितो. दोन चढायांनंतर त्या संघाची पकड लागते, एक उठणार. बाहेर गोणपाटावर चौघे बसलेले असतात आणि त्यांत नऊ नंबरचा त्यांचा पट्टीचा चढाईपटू असतो. कर्णधार त्यालाच खूण करतो, तो उठून आत येतो, माइकवर त्याचे नावही पुकारले जाते. कागदावर मात्र नऊ तिसरा असतो, पहिला असतो चार. पंच खेळ थांबवून कागद मागवतो, नऊला बाहेर काढतो, चारला बोलावतो. प्रेक्षकांत ‘काय फरक पडतो?’ अशी आरडाओरड होते. फरक पडतो. संजीवनीची सगळी गंमत यातच आहे की समोरच्याचा उत्तम चढाईपटू बाहेर बसवून ठेवणे ही एक चाल आहे. त्याला बाद केले, मग आपले गडी सांभाळून खेळले, तर त्याच्यापुढे बसलेले जितके, तितके गडी त्याच्या संघाने बाद करेपर्यंत तो येत नाही. क्रम मोडला की ती चाल मोडते आणि बाद होण्याला अर्थ राहत नाही.

काही मंडळे ‘कर्णधार म्हणेल तो उठेल’ असा नियम आधीच जाहीर करतात. कागद ठेवायला माणूस नसतो, हे त्यामागचे खरे कारण. पंचाला त्यात सोय वाटते, पण खेळ त्याने बिघडतो: प्रत्येक संघ एकाच चढाईपटूच्या जोरावर खेळू लागतो आणि बाकीचे सहा जण त्याला परत आणण्यापुरते उरतात. मंडळाने बाकी काय हवे ते बदलावे. क्रमाला हात लावू नये. शाळेतला एखादा नववीतला मुलगा वही-पेन देऊन बसवला तरी हे काम नीट होते.

वेळेचा हिशोब याहून कठोर आहे. समजा, प्रवेश फी भरून २१ संघ आले. बाद पद्धतीत एक सामना एका संघाला घरी पाठवतो, म्हणून विजेता ठरायला २० सामने लागतात. २० अधिक ५ अधिक २० अशी ४५ मिनिटे, त्यात संघ उतरणे, नाणेफेक, सलामी आणि मान्यवरांचा सत्कार धरला तर सामना ५० मिनिटांच्या खाली येत नाही. २० सामन्यांना साडेसोळा तासांहून जास्त. मैदान एक, पंच तेच. हे एका दिवसात आणि एका रात्रीत बसवायचे म्हणजे डाव १० मिनिटांचे करावे लागतात, कधी ७ मिनिटांचे. उपांत्य आणि अंतिम सामन्यांना १५ मिनिटांचे डाव दिले की मंडळाला वाटते आपण न्याय केला.

वेळ कापली की बाकीचे नियम आपोआप ताणले जातात, हे मात्र फार थोड्या मंडळांच्या लक्षात येते. २० मिनिटांच्या डावात ३० सेकंदांच्या हिशोबाने दोन्ही संघांच्या मिळून ४० चढाया पूर्ण वेळ घेऊन होऊ शकतात. ७ मिनिटांच्या डावात १४, म्हणजे एका संघाला सात. सात चढायांत समोरचे सातही गडी बाद करून लोण लावणे फारच थोड्यांना जमते. म्हणून एखाद्याने ते लावले तर ते दोन जादा गुण आणि समोरची रिकामी बाजू सामना तेथेच संपवतात. उलट, तीन गुणांची आघाडी घेतलेल्या संघाने सातही चढाया, वैध ठरण्यापुरती निदान रेषा ओलांडून, रिकाम्या काढल्या तर समोरच्याला परत यायला जागाच उरत नाही. या ठिकाणी तिसऱ्या चढाईची सक्ती सर्वांत जास्त गरजेची असते, कारण तिच्यामुळे सातांतली निदान तिसरी आणि सहावी चढाई तरी जिवंत राहते. पण डाव छोटा करणारी मंडळे बहुधा हाच नियम आधी काढून टाकतात. कारण पुन्हा तेच, माणूस नाही. रिकाम्या चढाया मोजत कोण बसणार? मग उत्तरार्धात प्रेक्षक वेळ काढणाऱ्या संघाच्या नावाने ओरडतात आणि पंचाने काहीतरी करावे अशी अपेक्षा ठेवतात, जे करण्याचा अधिकार मंडळाने त्याच्याकडून सकाळीच काढून घेतलेला असतो.

बोनस बंद होण्याचे कारण मातीत आहे. या भागातली जमीन काळी. उन्हाळ्याकडे सरकणाऱ्या दिवसांत तिला भेगा पडतात, म्हणून मैदानासाठी माती चाळून पसरायची, पाणी मारायचे, दाबायचे आणि वर फक्कीच्या रेषा ओढायच्या. निदान रेषा पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे आणखी एक मीटरवर. बोनस मिळतो तो मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना, चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे आणि त्याच क्षणी दुसरा पाय हवेत असला तर. दोन सामने झाले की त्या भागातली फक्की पायांनी पुसली जाते. पंच मध्यरेषेच्या टोकाशी उभा, हॅलोजनचा उजेड एका बाजूने, रेषा धूसर, आणि ठरवायचे काय तर एका पायाची टाच आणि दुसऱ्या पायाची बोटे. भांडणे या गुणावरून सर्वांत जास्त होतात, म्हणून मंडळ बोनस काढून टाकते. काही ठिकाणी खिळे मारून सुतळी किंवा पट्टी ठोकतात; तेथे बोनस चालतो. मॅट आणू शकणाऱ्या मोठ्या स्पर्धांत हा प्रश्न येत नाही. बोनस काढणे समजण्यासारखे आहे, पण त्याची किंमत अशी की सातच्या सात बचावपटू उभे असताना आत घुसण्याचे कारणच चढाईपटूला उरत नाही. तिसऱ्या चढाईची सक्तीही नसेल तर दोन्ही संघ एकमेकांकडे पाहत राहतात.

लोणाच्या बाबतीत एक जुना कावा नियमपुस्तकानेच मान्य केलेला आहे. एका संघाचे एक किंवा दोनच गडी मैदानात उरले की त्याचा कर्णधार त्यांना स्वतःहून बाद जाहीर करू शकतो. समोरच्यांना मैदानातल्या तेवढ्या गड्यांचे गुण आणि लोणाचे दोन मिळतात, पण पूर्ण संघ परत उभा राहतो. दोन गडी घेऊन चार मिनिटे धावत राहण्यापेक्षा चार गुण देऊन सातजण उभे करणे कधीकधी परवडते. गावातल्या प्रेक्षकाला हे पळपुटेपणाचे वाटते आणि काही मंडळांत ‘डिक्लेअर चालणार नाही’ असे सांगितले जाते. हा बदल विनाकारण आहे. त्याने वेळ वाचत नाही आणि भांडणही टळत नाही. उलट शेवटचा एकटा गडी पकडीला न जाता लॉबीच्या कडेने पळत राहतो, शेवटी रेषेबाहेर पाय टाकतो आणि त्यावर वेगळाच वाद होतो.

बाद होण्याच्या खेळांत असे फरक कबड्डीपुरते नाहीत. मातीच्या तबकड्या हवेत फेकून बंदुकीने फोडण्याचा नेमबाजीचा प्रकार अमेरिकेत गावोगावच्या क्लबांत खेळला जातो. ठरलेल्या स्पर्धेनंतर गंमत म्हणून तेथे जे बादचे खेळ होतात, त्यांतल्या एकाला एकोणिसाव्या शतकातली प्रसिद्ध नेमबाज ॲनी ओकली हिचे नाव आहे. सगळे नेमबाज एका रांगेत उभे राहतात. तबकडी सुटली की पहिल्याने फोडायची. तो चुकला तर तीच तबकडी खाली पडायच्या आत दुसऱ्याने फोडायची. दुसऱ्याने फोडली तर पहिला बाद. दुसराही चुकला आणि तिसऱ्याने फोडली तर पहिले दोघे बाद. तिघेही चुकले तर कोणीच बाद नाही. शेवटी एकच उरतो. आपण चुकलो एवढ्याने इथे माणूस बाद होत नाही. मागच्याने आपली चूक भरून काढली तरच होतो. त्यामुळे रांगेत कोणाच्या पुढे उभे राहायचे याला फार महत्त्व येते. सराईत नेमबाजाच्या पुढची जागा कोणालाच नको असते, आणि म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

या खेळाला छापील एक नियमपुस्तक नाही आणि क्लबागणिक फरक पडतात ते ओळखीच्याच ठिकाणी. कुठे मागचा एकच नेमबाज धावून येऊ शकतो, कुठे दोन. आपली पाळी नसताना गोळी झाडली तर कुठे ताकीद, कुठे तिथल्या तिथे बाद. रांग लवकर संपत नसेल तर उरलेल्यांना मागे नेतात: १६ यार्डांवर सुरू झालेला खेळ २७ यार्डांपर्यंत सरकतो. कबड्डीच्या मंडळाला अंधाराची घाई असते तशीच यांनाही, फक्त ते डाव कापण्याऐवजी अंतर वाढवतात. काही क्लबांत बाद झालेल्याला पुन्हा पैसे भरून एकदा रांगेत येता येते. बक्षिसाची रक्कम त्याने फुगते आणि लवकर बाद झालेला माणूस गाडी काढून घरी जात नाही.

हा शेवटचा प्रकार मराठवाड्याला अनोळखी नाही. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत ‘री-एन्ट्री’ म्हणून तो चालतो: पहिल्या फेरीत हरलेला संघ पुन्हा फी भरून दुसऱ्या नावाने किंवा त्याच नावाने परत येतो. कबड्डीत याला विरोध जास्त, आणि तो रास्त आहे. क्रिकेटचा आठ षटकांचा सामना नशिबाने हरता येतो. कबड्डीत हरलेल्या संघाचे गुडघे फुटलेले असतात, दोघांच्या बोटांना पट्ट्या असतात, आणि त्याच दिवशी पुन्हा उतरवणे म्हणजे दुखापतीला बोलावणे.

ज्या खेळात उठणे अजिबात नाही, त्याचे टोक ऑलिम्पिकच्या नेमबाजीत दिसते. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये ट्रॅप या तबकडी-नेमबाजीच्या अंतिम फेरीत सहा जण होते. २५ तबकड्यांनंतर सहावा बाहेर, मग दर पाच तबकड्यांनी एकेक, आणि ४० नंतर उरलेल्या दोघांत ५०व्या तबकडीपर्यंत सामना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले तेही अशाच बादच्या अंतिम फेरीत. आठ जणांतून पात्रता फेरीचे गुण पुसून शून्यापासून सुरुवात, शेवटच्या टप्प्यात जवळजवळ प्रत्येक गोळीनंतर एकाची रजा, आणि ४५१.४ गुणांवर त्याची तिसरी जागा. बाद झालेला तेथे रायफल खाली ठेवून मागे सरतो, त्याला कोणी उठवत नाही. हा नियम टीव्हीसमोर बसलेल्याला समजावा म्हणून आला. गावातल्या मंडळाला मात्र बाद झालेला गडी आणि त्याच्यामागे आलेली चाळीस माणसे मैदानाजवळ टिकवून ठेवायची असतात. म्हणून गामिनी गावात परत येत नाही.

संघाच्या पातळीवरचे बाद होणे हा वेगळा व्याप. २१ संघांच्या उदाहरणात दर फेरीत निम्मी होत एकावर येणारी पुढची संख्या ३२. म्हणून ११ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते आणि फक्त १० संघ, म्हणजे पाच सामने, पहिल्या फेरीत होतात. पुढे चाल कोणाला, यावर सकाळची भांडणे होतात. चिठ्ठ्या सर्व संघांच्या कर्णधारांसमोर, लहान मुलाच्या हातून काढल्या आणि फळ्यावर लगेच लिहिल्या तर बोलायला जागा राहत नाही. यजमान गावाच्या संघाला पुढे चाल मिळाली की ती चिठ्ठीने मिळाली तरी कुजबुज होतेच. म्हणून काही शहाणी मंडळे आपला संघ मुद्दाम पहिल्या फेरीत खेळवतात.

खेळाडूंच्या पात्रतेचे नियम याच गटात येतात, कारण बाद झालेल्या संघातला चांगला गडी दुपारनंतर दुसऱ्याच बनियनमध्ये दिसू लागतो. ‘एक गाव एक संघ’ अशी अट असली तर आधारकार्ड पाहतात. काही मंडळे दोन किंवा तीन बाहेरचे खेळाडू चालवतात, पण त्यांची नावे पहिल्या सामन्याआधी द्यायला लावतात. वजनी गटाच्या स्पर्धेत, ५५ किंवा ६५ किलोच्या, धान्य तोलायचा काटा मैदानावर येतो. महासंघाच्या स्पर्धांतही वजनाची मर्यादा आहेच, पण तेथे ती एकदाच तपासतात. मंडळाच्या स्पर्धेत हरलेला संघ सामन्यानंतर समोरच्या कोपरारक्षकाला पुन्हा काट्यावर उभा करायला सांगतो. दिवसभर पाणी प्यालेल्या, जेवलेल्या माणसाचे वजन सकाळपेक्षा जास्त भरणारच. वजन एकदाच, सामन्याच्या आधी, आणि त्यानंतर हरकत नाही, हे लिहून ठेवले नसेल तर पंचाचा तास त्यात जातो.

म्हणून अनुभवी पंच आल्या आल्या मैदान मोजण्याआधी नियमांचा कागद मागतो. नसेल तर टेबलावर बसून करतो. त्यात फार काही नसते: डाव किती मिनिटांचा, बोनस आहे की नाही, तिसरी चढाई आहे की नाही, बाद जाहीर करता येईल की नाही, बाहेरचे खेळाडू किती, हरकतीची फी किती आणि ती सामना संपल्यावर किती वेळात द्यायची, बरोबरी झाली तर काय. तो कागद माइकवरून वाचला जातो आणि कर्णधारांच्या सह्या होतात. एकदा पहिली चढाई सुरू झाली की त्यातला एकही शब्द बदलायचा नाही. मंडळाचे अध्यक्ष, देणगीदार, गावचे सरपंच यांपैकी कोणीही अंतिम सामन्याच्या वेळी ‘आता बोनस सुरू करा, मजा येईल’ असे म्हणाले तरी नाही. उपांत्य फेरीपर्यंत बोनसशिवाय खेळून आलेल्या संघाने आपला बचाव त्या हिशोबाने बसवलेला असतो.

बरोबरीचे कलम बहुतेक मंडळे शेवटच्या घटकेपर्यंत विसरतात. पुस्तकातली रीत अशी की दोन्ही संघ सात-सात खेळाडूंनी उभे राहतात आणि प्रत्येकाच्या पाच चढाया होतात. पाचही चढाईपटू वेगळे, त्यांची नावे क्रमाने आधी द्यायची. निदान रेषाच तेवढ्यापुरती बोनस रेषाही धरली जाते. आणि या पाच-पाच चढायांत बाद होणे आणि उठणे दोन्ही बंद. फक्त गुण मोजतात. पकडला गेलेला चढाईपटू आणि हात लागलेला कोपरा, दोघेही पुढच्या चढाईला जागेवर उभे. जुनी अमर खेळाच्या या एवढ्याशा भागात शाबूत आहे. पंचाला मात्र ती दर वेळी नव्याने समजावून सांगावी लागते, कारण हात लागलेला गडी सवयीने गोणपाटाकडे चालू लागतो आणि त्याचे साथीदार त्याला ओढून परत आणतात.

पाच चढायांनंतरही बरोबरी राहिली तर सुवर्ण चढाई: नाणेफेक जिंकलेल्या संघाची एक, ती निर्णायक झाली नाही तर समोरच्यांची एक, आणि त्यानंतरही काही ठरले नाही तरच नाणे. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. तेवढी वाचवण्यासाठी बरोबरी झाली की थेट नाणे उडवणाऱ्या मंडळाने आधीच्या वीस मिनिटांचे श्रम वाया घालवलेले असतात, आणि हरलेला संघ हरकतीची फी हातात घेऊन टेबलाशी उभा राहतो. कागदावर ‘बरोबरी झाल्यास नाणेफेक’ असे लिहून सह्या झालेल्या असतील तर पंचाला ती फी परत करून त्यांना तो कागद दाखवावा लागतो.